मेतोदीची ड्रॅगनवाली पुस्तकं

प्रिय रालित्सा,

तुझ्या भावाची पुस्तकं मी वाचते आहे हे कळल्यावर तू हसशील. खुशाल हस. साठी उलटलेली तुझी वहिनी मिरच्या भाजून हिवाळ्याच्या बरण्या भरायच्या दिवसांत, काम टाकून, चष्मा पुसून पुसून ड्रॅगन आणि चेटकिणी वाचते आहे. मेतोदी गेला तेव्हा त्या सात भागांच्या कथेतल्या सहाव्या पुस्तकात त्यानं बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. पुढे काय झालं ते त्याला कळलंच नाही, ही गोष्ट मला काही केल्या सोसेना. त्याच्यासाठी आपण शेवटापर्यंत जायचं असं ठरवलं आणि बसले वाचायला.

आधी सवय व्हावी म्हणून कपाटातली सुटी पुस्तकं घेतली. काय वाचायचा गं हा माणूस! शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि घरी येऊन वाचलं काय, तर पाला चघळून लावला की तलवारीची जखम रातोरात भरते. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा असला की समजून जावं, लेखक आपल्याला त्यातल्या प्रत्येक डोंगरावरून पायी नेणार आहे. नायक अनाथ असला की तो राजाचा मुलगा निघणार. लोवेचमध्ये आपल्या गल्लीत किती अनाथ पोरं वाढली, एक तरी राजपुत्र निघाला का? एक निघाला तो नळदुरुस्तीवाला, आणि तोही बोलावल्यावर येत नाही. एका पुस्तकात तीनशे वर्षांची वनकन्या आहे. तीनशे वर्षं जगून बाईला एवढीसुद्धा अक्कल आली नाही, की जो गडी घोड्यावरून उतरताना केस सावरतो त्याच्या नादी लागू नये.

मग सात भागांची ती कथा. अकरा वर्षं किल्ल्याला वेढा पडलाय आणि सगळे नुसते भाकर-रस्सा खातात. अख्ख्या किल्ल्यात एका बाईनं मिरच्या-टोमॅटोची एक बरणी भरून ठेवलेली नाही. असला किल्ला पडेल नाहीतर काय होईल? भविष्यवाणी सांगणारा म्हातारा असा गोल गोल बोलतो की त्याला गदागदा हलवावंसं वाटतं. घोडी तेवढी शहाणी आहेत. ती बोलतात, पण थोडक्यात.

हे सगळं मी दरवर्षी मेतोदीला ऐकवायची. अंगणात मी मिरच्या भाजायची, तो साली काढता काढता कथा सांगायचा, मी नावं ठेवायची आणि तो खोकला येईपर्यंत हसायचा. यंदा साली मीच काढल्या. नावं ठेवायलाही समोर माणूस लागतं.

पाचव्या भागात सेनापती मरतो. डोळ्यांदेखत, छातीत भाला. सहाव्यात तो दारात उभा, आणि बायको त्याला नुसतं ‘आलास?’ म्हणते. मी पुस्तक भिंतीवर फेकलं. त्या लेखकाचं कधी कोणी गेलेलं नसावं. मग उठून पुस्तक उचललं, कारण तिकिटाची खूण त्याच्यापुढेच होती. म्हणजे मेतोदीनं हे वाचलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं.

खुणेपुढचं सगळं मी कबरीपाशी नेऊन मोठ्यानं वाचलं. शेजारच्या कबरीवर फुलं ठेवायला येणारी पेन्का म्हणाली, “वेलिका, बिचाऱ्याला आता तरी पडू दे की शांत.” मी म्हटलं, “तुझ्या नवऱ्यालाही ऐकू जात असेल, त्याचे काही पैसे घेत नाही.” तेव्हापासून ती माझं वाचून होईपर्यंत थांबते. सहावा भाग कुठे संपला माहीत आहे? किल्ल्याचा दरवाजा उघडतो, बाहेर कोणीतरी उभं असतं, आणि कोण ते सांगतच नाहीत. असल्या लेखकाला वेढ्यातच ठेवला पाहिजे.

आणि सातवा भाग तुझ्याकडे. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी रीतीप्रमाणे मी त्याच्या वस्तू वाटल्या तेव्हा पेन्काच्या जावयाला कोट गेला आणि तुला मी सगळ्यांत कोरं, नवं दिसणारं पुस्तक दिलं. तू ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणून ते घेतलंस. कोरं होतं कारण त्यानं ते उघडलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत मागितलं तर त्याच्याच हातातून काढून घेतल्यासारखं होतं. ते मी मागणार नाही. फोनवर तू म्हणालीस की पुस्तक अजून उघडवत नाही, आणि लोवेचला यायला पायही उचलत नाही. फोनवर मला रडता येत नाही.

म्हणून हे पत्र. थोरल्या देवदूताच्या सणाआधीचा शनिवार मृतांचा, कबरीपाशी जायचा आहे. बुर्गासहून सकाळची बस धर आणि पुस्तक घेऊन ये. ते तुझंच आहे, तूच वाच. नैवेद्याचा गहू मी शिजवीन, कबरीवर वाइन मी ओतीन, नावंही मीच ठेवीन. एका दिवसात संपणार नाही, तेव्हा चार कपडे जास्त आण. पुस्तकात मध्येच गाणी आली की गाळ, तोही गाळायचा. फक्त बसमध्ये शेवटचं पान बघू नकोस. दारात कोण उभं आहे ते आपल्या तिघांना एकदमच कळू दे.

वाट बघणारी, तुझीच
वेलिका वहिनी