रिझल्ट अडकलेला नाही

९ जुलै १९८६
थर्ड डिव्हिजन!
पेपरात माझा रोल नंबर शेवटच्या रांगेत सापडला. छिंदवाड्याच्या होस्टेलात राहून बी.एस्सी. केलं — त्याचं हे! बापूजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हायस्कुलात गणित शिकवतात ते, आकडा चुकत नाही त्यांचा. पेपराची घडी केली अन् आत गेले. आई म्हणाली, "जेवून घे." जेवले. भूक होती, खोटं कशाला लिहू?

१२ जुलै
शेजारच्या कलाबाईंनी विचारलं, "गुरुजी, इंदूचं काय झालं जी?"
बापूजी म्हणाले, "रिझल्ट अडकला तिचा. युनिव्हर्सिटीचा घोळ."
मी दारातच उभी! नंतर विचारलं तर म्हणाले, "आजवर दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क चौकात सांगून राहिलो. तुझे कोणत्या तोंडानं सांगू?"
त्यांचा राग नाही आला. पण ठरवलं — मी लपणार नाही.

२१ जुलै
एका खाजगी शाळेत गेले. क्लार्कनं मान वर न करता अर्ज परत दिला. "सेकंडच्या खाली घेत नाही."
दुसऱ्या शाळेतही तेच. आणखी विचारीन.

४ ऑगस्ट
बसनं सौंसरला. श्रीधर डॉक्टरांनी दवाखान्यात रक्त तपासायची लॅब काढली आहे, माणूस पाहिजे होता.
"डिव्हिजन?"
"थर्ड."
"फर्स्टवाले येऊन गेले."
"मग ठेवले काहून नाही?" — निघून गेलं तोंडातून!
डॉक्टर हसले. "त्यांना नागपूर पाहिजे. तुला काय पाहिजे?"
"काम."
काही दिवस पाहतो म्हणाले.

७ ऑगस्ट
स्लाइडच्या रंगानं बोटं जांभळी. साबणानं निघत नाहीत.

१९ ऑगस्ट
आज चुकले. एका पोराची मलेरियाची स्लाइड — मला काही दिसलं नाही, तसं सांगून मोकळी झाले. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पाहा. घाई नको करू." पाहिलं. कोपऱ्यात होता जंतू!
ओरडले नाहीत. एवढंच बोलले, "कॉलेजात चुकलीस तर तुझं नुकसान. इथं त्या पोराचं."
नेहमीची बस सोडली. जुन्या सगळ्या स्लाइडी काढून पाहत बसले. डोळे दुखून राहिले, पण आता जंतू ओळखू येतो.

२ सप्टेंबर
पक्कं झालं! डॉक्टरांनी ठेवून घेतलं.
घरी सांगितलं तर बापूजी, "पुन्हा परीक्षेला बस. डिव्हिजन सुधार, मग नोकरी कर."
"नोकरी तर लागली, बापूजी."
"अन् लोकांना काय सांगू?"
अजून तेच!

१६ नोव्हेंबर, रविवार
वरूडहून पाहुणे आले होते, मला पाहायला. मुलगा हेमंत, बँकेत आहे. त्याच्या वडिलांनी सहज विचारलं, "सेकंड डिव्हिजन न बाई?" बापूजींनी त्यांना तसं सांगून ठेवलेलं! बापूजी खाली मान घालून सुपारी कातरत होते.
मी म्हटलं, "नाही जी. थर्ड."
मुलगा भिंतीकडे पाहू लागला. फक्त त्याची आई — केसरबाई — माझ्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "हे काय लागलं?" लॅबचं सांगितलं. "घरून जाऊ देतात?" म्हटलं, "मी जाते."
पाहुणे चहा अर्धाच टाकून उठले. "कळवतो" म्हणाले. कळवणार नाहीत.
बापूजी म्हणाले, "एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं?" आयुष्यभर गिळावा लागला असता, बापूजी. पण हे बोलले नाही. त्यांचा चेहरा पाहवला नाही.

१७ नोव्हेंबर
बापूजी बोलत नाहीत. मी सकाळची बस पकडली.

२८ नोव्हेंबर
केसरबाई लॅबमध्ये आल्या. मागे एक मुलगी, माझ्याच वयाची, ओढणीत तोंड लपवलेली. वाटलं, रक्त तपासायचं असेल.
"माझी पोरगी, उर्मिला," त्या म्हणाल्या. "बी.एस्सी. झाली, थर्डमध्ये. ती मामाकडे असते म्हणून सांगतो आम्ही लोकांना. खरं तर घरातच मागच्या खोलीत असते, बाई. तुम्ही आमच्यासमोर 'थर्ड' म्हणून बोलल्या, तेव्हापासून झोप नाही मला. शिकवाल हिला?"
मी उर्मिलाला मायक्रोस्कोपपाशी बसवलं.