किल्ली टेबलावर होती

बाई, आज माझ्या घरी साफसफाईला कंपनीची बाई आली होती आणि सबंध सकाळ मला तुमच्याशी बोलावंसं वाटत होतं. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहिते. तोंडानं बोलता येत नसेल ते लिहून काढावं, हे सातवीत तुम्हीच शिकवलंत.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला वाकता येत नाही. मुलगी पुण्यात. तिनं फोनवरूनच सगळं ठरवलं आणि मला एक यादी पाठवली, असं माणूस घरी आलं की काय धरून चालायचं त्याची. पहिल्या खेपेला तीन तास लागतील. पंखे, खिडक्या, न्हाणीच्या फरशा, ओट्यामागचं तेलकट, सगळं होईल. कपाटाच्या आतलं सांगितल्याशिवाय होणार नाही. फुटण्यासारखं काय आहे ते आधी दाखवा, दागिने आत ठेवा, काम झालं की घरभर फिरून बघा आणि मगच सही करा. मी मुलीला म्हटलं, अगं लग्नाच्या बोलणीत इतकं ठरवत नाहीत. ती हसली. पण यादीत एक ओळ होती, ‘घरी थांबा किंवा किल्ली द्या’, तिथं माझा चष्मा अडला. त्यात तिसरा मार्ग नव्हता. तिसरा मार्ग तुमचा होता, बाई. बाईमाणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचं आणि किल्ली आपण घेऊन जायचं.

चौसष्ट-पासष्ट साल असेल. माण तालुक्यात लागोपाठ पाऊस नाही, मेंढरं विकून झालेली, वडील मुंबईला गोदीत गेले आणि आई मला आणि अंगावर पिणाऱ्या भावाला घेऊन साताऱ्यात आली. शेजारच्या म्हातारीनं तिला तुमचं घर दाखवलं आणि भावाला सांभाळायचं कबूल केलं. तुम्ही एकट्या, पांढरं पातळ, मोकळं कपाळ, गल्लीच्या टोकाला दोन खोल्या, दार एकच, आणि मागं बाहेरून वळसा घालून जायचं परसू. केर, फरशी, धुणं, भांडी. आईला काम मिळालं आणि मला तुमच्या शाळेत जागा मिळाली, ती तुमच्याच शब्दावर, हे मी विसरलेले नाही. साडेदहाला तुम्ही बाहेर पडायचात, कडी घालायचात, पितळी कुलूप लावून दोनदा ओढून बघायचात. मधल्या सुट्टीत दोन वाजता जेवायला आलात की कुलूप निघायचं आणि आई घरी भावाला पाजायला धावायची. पूर्वी कुणी मोलकरीण तुमचा तांब्याचा हंडा घेऊन पसार झाली होती, म्हणून ही पद्धत. आईला तुम्ही गोडच सांगितलंत, तुझ्यावर अविश्वास नाही गं, पण दार उघडं राहिलं तर दुसरं कुणी शिरायचं. आईनं मान डोलावली. मी घरी चिडचिड केली तर मलाच म्हणाली, काम उरकलं की घटकाभर टेकते तिथं, उघड्या दारात कोण टेकू देतंय? असली तिची समजूत. मला मात्र त्या कुलपाचा राग यायचा, आणि त्या रागाचं काय करायचं ते कळायचं नाही, कारण तुम्ही मला आवडायचात.

माझी फजिती अशी की मी तुमच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. हजेरीच्या वहीशेजारी, खडूच्या डब्याला टेकून ती किल्ली ठेवलेली असायची. तुम्ही फळ्यावर नद्यांची नावं लिहिताय, मुली वहीत उतरवताहेत, आणि मी बघतेय किल्लीकडे. आता आई भांडी घासत असेल, आता धुणं पिळत असेल, आता काम संपून नुसती बसली असेल. दोनचा टोल पडेपर्यंत माझा जीव टांगलेला. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या बाकावर एका वकिलाची मुलगी, मागं मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची. आई काय करते विचारलं की मी सांगायची, घरीच असते. खोटं नव्हतं ते, कुणाच्या घरी एवढंच सांगितलं नव्हतं. तुम्हीही कधी वर्गात तसं दाखवलं नाहीत. हे आपल्या दोघींत न बोलता ठरलेलं होतं.

तो गुरुवार. बारा वाजता शिपाई तार घेऊन येतो. तुम्ही वाचता, खुर्चीत बसता, पुन्हा वाचता. सांगलीला तुमची आई अत्यवस्थ. मोठ्या बाई धावत येतात, साडेबाराची गाडी आहे, अशाच निघा म्हणतात. स्टँड एका टोकाला, तुमचं घर दुसऱ्या टोकाला. तुम्ही छत्री घेता, पर्स उघडता, किल्ली पर्समध्ये टाकता आणि जाता. त्या दिवशीचं एवढंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

दोनला मी तुमच्या परसात गेले. आई मागच्या खिडकीशी उभीच होती. बाई कुठं आहेत म्हणाली. तार आली, सांगलीला गेल्या म्हटलं. आणि किल्ली? मला काय ठावं, म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी गज धरले. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या लोहाराला बोलावते, एका घावात कुलूप पडेल. तेव्हा ती बोलली, आवाज अजिबात न चढवता.

“कुलपाचं नाव काढू नगंस. आज तोडलं, आन् उद्या बाईंचा एक चमचा जरी गावला न्हाई, तर त्यो आपूनच नेला म्हनत्याल. गलका करू नगं. जा, बाळाला आन.”

मी आणला. परसातल्या शेवाळलेल्या दगडावर चढून त्याला गजांशी धरला. आई आतून खिडकीच्या कट्ट्यावर बसली, गजांना छाती लावून. एवढुसं पोर, पण गजांतून आत जाईना, तोंड तेवढं पोचलं. माझे हात भरून आले, दगड निसरडा, आणि तो मेला हावरटासारखा पितोय, मधेच थांबून माझ्याकडे बघून हसतोय. पिऊन झालं तेव्हा त्याच्या गालावर गजाची लाल रेघ उठली होती. आईच्या अंगावरही उठली असणार. संध्याकाळी एकदा, मग दिवे लागताना, शुक्रवारी उजाडताना, शाळा बुडवून दुपारी, असा मी तो भाऊ नेत होते आणि आणत होते. गजांतून भाकरी देत होते. संडास परसात, म्हणजे कुलपाच्या बाहेर. ते तिनं कसं निभावलं हे तिनं मला जन्मात सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी मी रडायला लागले तर म्हणाली, रडतीस कशापायी, हितं काय वाघ हाय व्हय?

शुक्रवारी दिवेलागणीला तुम्ही आलात. तुमच्या आईला अग्नी देऊन दुसऱ्याच दिवशी, सुतकात, त्याच पातळात. मी दारातच होते. कुलूप काढताना किल्ली तुमच्या हातून दोनदा खाली पडली. आत घर लखलखत होतं. भिंतींची जळमटं काढलेली, तांब्या-पितळ चिंचेनं घासून ओळीनं मांडलेलं, मोरी तर अशी धुतलेली की तिथं पंगत बसावी. चुलीशेजारी तुमचा चिवड्याचा डबा होता, त्याला तिनं बोट लावलं नव्हतं. तुम्ही झाकण उघडून बघितलंत, हे मी बघितलं. मग तुम्ही म्हणालात, अगं, कुलूप तोडायचं नाहीस का?

“तोडलं आस्तं तर तुमी काय म्हनला आस्ता, बाई?”

तुम्ही डब्याचं झाकण परत लावलंत. तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही नवी किल्ली करून आणलीत आणि तिच्या हातावर ठेवलीत. माझा ऊर भरून आला. आणि आईनं ती तुमच्या हातात परत दिली. किल्ली असली की घरातल्या सगळ्याला मी जबाबदार, म्हणाली, तुम्ही आपलं कुलूप लावूनच जात जा. बाई, तुमच्या कुलपापेक्षा मला तिचा त्या दिवशी जास्त राग आला. दार उघडून दिलं तरी बाहेर पडेना. आज कळतं, तिला बाहेरचं दार कुठं होतं? पुढं तीन वर्षं ती तशीच रोज आत जात राहिली आणि तुम्ही कुलूप लावत राहिलात. फक्त दोनदा ओढून बघायचं तुम्ही सोडलंत.

त्या वर्षाच्या शेवटी तुम्ही मला पेन दिलंत, हिरवं, सोनेरी टोपणाचं. शिष्यवृत्तीचा फॉर्म तुम्हीच भरलात, शिकवणी फुकट, पुढं ट्रेनिंग कॉलेजसाठी चिठ्ठी. मुली म्हणायच्या, बाईंची लाडकी. मला ठाऊक होतं लाड कशाचे ते. तुमच्या मनाला जी टोचणी लागली होती तिच्यावर मी शिकले, आणि ती बोथट होऊ नये याची काळजीही घेतली. तुमच्याकडे आले की भावाचा विषय काढायचीच. चांगला धट्टाकट्टा होता तो, तरी म्हणायची, लहानपणी जरा आबाळच झाली त्याची.

मी सांगलीला ट्रेनिंगला होते तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन तिथं तुमच्या भावाकडे राहायला आला होतात. एका रविवारी मी आले. स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो, तुम्ही चहा गाळत होतात. गाळता गाळता, माझ्याकडे न बघता म्हणालात:

“कराडच्या स्टँडवर रुमाल काढायला पर्स उघडली आणि किल्ली हाताला लागली. गाडी चांगली दहा मिनिटं उभी होती. उतरले नाही. आईसाठी उतरले नाही, ते एक असो. पण सांगलीत पोस्टासमोरून गेले, तारसुद्धा केली नाही. तार केली असती तर शाळेत कळलं असतं, मी बाई कोंडून येते म्हणून.”

चहा थंड होत होता. तुम्ही पदर डोळ्यांना लावलात. आणि मी, वीस वर्षांची पोर, मोठ्या मनानं म्हणाले, जाऊ द्या बाई, झालं ते झालं, आईच्या मनातही नाही आता. वर तुमच्या पाठीवरून हात फिरवला. तुम्ही म्हणालात, तू फार गुणाची आहेस. मी ते ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या भावाकडून पोस्टकार्ड आलं.

तर आजची गोष्ट. कंपनीची बाई कोरेगावची. चटपटीत, कंबरेला मोबाईल, स्वतःची फडकी आणि यंत्र घेऊन आलेली. आल्याबरोबर विचारलं, आजी, फुटण्यासारखं काय हाय? म्हटलं, मीच. ती खदखदून हसली. मग म्हणाली, तुम्हाला कुठं जायचं तर जावा, मी दार ओढून घेते. मला बँकेत जायचं होतं. उठले, काठी घेतली, दारापर्यंत गेले आणि पाऊल उचलेना. ती आत, मी बाहेर आणि मध्ये दार, हे माझ्यानं होईना. शेवटी दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसले. तीन तास. जिन्यातली धूळ आत, वरच्यांचं कुत्रं आत, आणि ती आपली पुसतेय. शेवटी वैतागली. म्हणाली, आजी, दार लावा की, धूळ आत येतीया, मी काय पळून जातीया व्हय? मी म्हटलं, पळून जाता यावं म्हणूनच उघडं ठेवलंय. तिला काही कळलं नाही. कळायचं कारणही नाही. काम मात्र चोख केलं तिनं. मी घरभर न फिरता सही केली, आणि जाताना ती म्हणाली, फुडच्या खेपेला तुमी बँकेत जावा बगा. मी हो म्हटलं. जमेल असं वाटत नाही.

तिच्यामागं दार लावलं आणि लिहायला बसले, कारण कराडच्या दहा मिनिटांचं तुम्ही मला सांगितलंत आणि माझं मी तुम्हाला सांगितलं नाही. आईलाही नाही. ती जाऊन अकरा वर्षं झाली, शेवटपर्यंत तिला वाटत होतं की किल्लीचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या गुरुवारी तुम्ही किल्ली उचललीत तेव्हा मी उभी राहिले होते. बाकाचा आवाज झाला. सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या, वकिलाची, कारकुनाची, सगळ्या. पर्स उघडी होती, किल्ली तुमच्या बोटांत होती. तार आलेली असूनही तुम्ही थांबलात आणि मला विचारलंत, “काय गं?”

एवढंच म्हणायचं होतं, बाई, आई आत आहे. मी म्हटलं, “बाई, पाणी प्यायला जाऊ?”

तुम्ही जा म्हणालात. मी बाहेर रांजणापाशी गेले, भांडं बुडवलं, भरलं आणि तसंच रांजणात ओतलं. मला तहान लागली नव्हती.