वॉर्ड सहा आणि चौदा मतं

१४ सप्टेंबर, शनिवार
आजपासून वॉर्ड सहा माझा. ऑस्बी मॅडम स्वतः म्हणाल्या, "ब्रिन, बाकीचा मतदारसंघ मी बघते, सहा तू सांभाळ. सहा गेला तर मी गेले." शाळेच्या लायब्ररीत शेजारी बसवून माझे कॉलेजचे सगळे फॉर्म याच बाईंनी भरून घेतले होते. नाहीतर कोझाकांच्या घरात ग्रॅज्युएट कुठून होणार? आता त्या राज्याच्या विधानसभेला उभ्या आहेत. त्यांना निवडून आणायचं. विषय संपला.

आजोबांच्या वेळी कागद गिरणीत युनियन होती आणि अख्खा वॉर्ड आमच्या पक्षाचा होता. गिरणीच्या दोन पाळ्या बंद झाल्या आणि वॉर्ड दुसऱ्या पक्षाकडे गेला. बाबाही गेले का, ते सांगत नाहीत. विचारलं की जेवता जेवता नुसते हसतात. संशयास्पद.

१६ सप्टेंबर
पद्धत सोपी आहे. दार वाजवायचं, बोलायचं आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये माणसाला आकडा द्यायचा. एक म्हणजे पक्का आमचा, पाच म्हणजे पक्का त्यांचा. मतदानाच्या दिवशी फक्त 'एक'वाल्यांना फोन करायचे, गरज पडली तर गाडीत घालून न्यायचं. बाकीच्यांना झोपेतून उठवायचं नाही.

आज चौतीस दारं. एकोणतीस जण 'एक'! उरलेले पाच घरी नव्हते. मिसेस हॉफरनी भोपळ्याचा केक दिला. म्हणाल्या, "किती गुणाची पोर! तुमची उमेदवार जरा वेगळीच आहे हं." म्हणजे त्यांना बदल हवा आहे. एक.

२१ सप्टेंबर
बाबांना आकडे दाखवले. म्हणाले, "पोरी, विस्कॉन्सिनमध्ये दारात उभ्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. मी त्या व्हॅक्यूम क्लीनरवाल्याला दोन तास बसवून घेतलं, जेवायला घातलं. आणि आपल्याकडे गालिचाच नाही."
आई म्हणाली, "आणि जाताना वर डझनभर अंडी दिलीस त्याला."
कॉलेजात जनमत या विषयात मला 'ए' मिळाला होता, हे मी शांतपणे सांगितलं. बाबा नुसते हसले.

२८ सप्टेंबर
नवा स्वयंसेवक आला. ऑर्विल ट्वेट, रिटायर्ड पोस्टमन. चौतीस वर्षं याच वॉर्डात टपाल टाकलं. आल्या आल्या माझी यादी घेऊन बसला आणि पेन्सिलीने खुणा करायला लागला. "हॉफर? ही पाच आहे. त्यांच्या पक्षाचं पत्र आलं की ही पेटीपाशीच उभी राहून वाचायची. बेकर बंधू? दोघेही पाच. थोरला तर साडेपाच."
त्यांच्या माणसांची एवढी माहिती तुम्हाला कशी, असं विचारलं. म्हणाला, "पत्रं टाकायचो ना."
उत्तर फार पटकन आलं. घरून तयार करून आणलेलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
पेपरात जनमत चाचणी. आम्ही सहा टक्क्यांनी मागे. पेपर विकला गेलाय.

संध्याकाळी क्लबात फिश फ्रायला, म्हणजे शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला गेले. मी शिरले आणि सगळी टेबलं एकदम गप्प. मग एकदम सगळे फुटबॉलवर बोलायला लागले. सात जण माझ्याकडे बघून हसले. सातही एक.

कोपऱ्यात ऑर्विल! त्यांच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षाबरोबर, एकाच वाटीतल्या सॉसमध्ये मासे बुडवत. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "अगं, साडू आहे तो त्याचा."
हेच तर म्हणतेय मी. साडू!

११ ऑक्टोबर
नवी चाचणी. फक्त दोन टक्के मागे. वॉर्ड सहाची हवा पोचलेली दिसते. पेपर तसा बरा आहे.

१९ ऑक्टोबर
पुन्हा पाच टक्के मागे. पेपर पुन्हा विकला गेला.

मॅडमना सांगितलं, ऑफिसात हेर आहे. त्यांनी चष्मा काढला. "ऑर्विल? ब्रिन, तो माणूस कुत्र्यांशीसुद्धा खोटं बोलत नाही." मी सगळे पुरावे दिले. सॉससकट. शेवटी म्हणाल्या, "वॉर्ड तुझा, ठरव तू." त्या थकलेल्या दिसतात. मी आहे म्हणून बरं.

२३ ऑक्टोबर
ऑर्विलचा बंदोबस्त केला. यादी काढून घेतली. मतदानाच्या दिवशी त्याने मतदान केंद्रात आमचा निरीक्षक म्हणून खुर्चीत बसायचं. हातात वही. काहीही संशयास्पद दिसलं की वेळ घालून लिहायचं.
म्हणाला, "काहीही?"
म्हटलं, काहीही. कोण, कधी, कसा आला, सगळं.
म्हणाला, "बरं. पण पोरी, ती यादी एकदा..."
मी फोन आल्यासारखं केलं.

२ नोव्हेंबर
वॉर्ड सहामध्ये चारशे अठरा 'एक' झाले. मॅडमना आकडा कळवला. त्यांनी तो पुन्हा एकदा विचारला. मग म्हणाल्या, "तुझ्या वयात मलाही सगळे आपलेच वाटायचे." भावूक झाल्या होत्या.

निश्चय: १) मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, पहाटे चारला उठणे. २) ऑर्विलचा फोन न उचलणे. दिशाभूल करेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६
चारचा गजर वाजला नसावा. पण बाहेर बघितलं आणि आनंदाने ओरडलेच. पाऊस आणि बर्फ एकत्र, रस्ता आरशासारखा! दैव आमच्या बाजूने आहे. त्यांचे म्हातारे आज घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. आमच्यांना मी नेणार. दुपारी मावशी कामावरून आली की तिची चंदेरी मिनीव्हॅन मिळणार आहे.

दुपारी १.००
पहिली खेप. मिसेस हॉफर म्हणाल्या, "आज काही मी जाणार नव्हते गं. पाय घसरला तर कोण बघणार? पण तू अगदी दारात आलीस!" गाडीत सहाजण. हॉफरबाईंनी हळूच विचारलं, "तुमच्यात सगळ्यांनाच असं नेतात का?" मागून बेकरांपैकी थोरला खोकला. वयं झाली आहेत बिचाऱ्यांची.

३.१५
चौथी खेप. ऑर्विलचा नववा फोन. उचलला नाही. गाडीच्या खिडकीतून दिसतोय, केंद्राबाहेर बर्फात उभा राहून हात हलवतोय. घाबरलाय. आमची मतं पडताना बघवत नाहीत त्याला.

६.००
बाबांचा ट्रक सुरू होईना. त्यांनाही घेऊन गेले. वाटभर खिडकीबाहेर बघत होते. उतरताना दार धरून उभे राहिले, काहीतरी बोलणार होते. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

८.००
एकूण सत्तावीस माणसं दारातून उचलून नेली, दारात आणून सोडली. मत कोणाला दिलं, हे आपल्याकडे विचारत नाहीत. मीही विचारलं नाही. पण चेहऱ्यांवर समाधान होतं. बेकर बंधूंनी तर दोनदा आभार मानले.

६ नोव्हेंबर, बुधवार
हरलो.
अख्ख्या मतदारसंघात फक्त चौदा मतांनी.

सकाळी ११
रडून झालं. आता विचार. चौदा मतांनी माणूस सरळ मार्गाने हरत नाही. फेरमोजणी मागता येते, पण अर्जात संशयाचं कारण लिहावं लागतं, शपथेवर. केंद्रावरच्या क्लार्कबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "सकाळभर केंद्र ओस होतं बघ. दुपारनंतर त्यांची म्हातारी मंडळी कुठून उगवली देव जाणे! कोणीतरी गाडी भरभरून आणत होतं म्हणे. मी आत होते, दिसलं नाही."

गाडी भरभरून! म्हणजे टोळी. पद्धतशीर कट. माझा संशय पहिल्यापासून बरोबर होता. ऑर्विलच्या वहीत वेळा असतील. हेर असला तरी पोस्टमन आहे, वेळ खोटी लिहिणार नाही. मॅडमना फोन केला: धीर सोडू नका, माझ्याकडे साक्षीदार आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
अर्जाची शेवटची तारीख. मी कारणाची पहिली ओळ लिहून ठेवली होती: 'वॉर्ड सहामध्ये विरोधकांचे मतदार एका अज्ञात वाहनातून...'

ऑर्विल वही घेऊन ऑफिसात आला. मॅडम समोरच बसल्या होत्या. मी मोठ्याने वाचायला घेतलं.

'१२.४०. चंदेरी मिनीव्हॅन. हॉफर, दोघे बेकर, आणखी तिघे. सगळे त्यांचे. गाडी चालवणारी: ब्रिन. बाहेर जाऊन फोन केला. उचलत नाही.'

'१.२५. तीच गाडी. पाच जण. सगळे त्यांचे. एकीचा वॉकर ब्रिनने उतरवून दिला. फोन केला. उचलत नाही.'

पुढचं मोठ्याने वाचलं नाही. दोन पानं आहेत. शेवटची नोंद अशी: '५.५५. तीच गाडी. लेन कोझाक.' त्यापुढे काहीच नाही. बाबांपुढेच काही का लिहिलं नाही, असं विचारलं. ऑर्विल म्हणाला, "पोस्टमन बापाचं पत्र लेकीला फोडून दाखवत नाही."

मॅडमनी वही घेतली. सावकाश वाचली, मिटली. अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. मग विचारलं, "हॉफरबाई कुठे पडल्याबिडल्या नाहीत ना?"
म्हटलं, नाही. मी हात धरला होता.
म्हणाल्या, "बरं केलंस."
मला त्यांनी रागवायला हवं होतं. ऑर्विलची मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे गं. बर्फात उभं राहायची सवय आहे."

रात्री जेवताना बाबांना सरळ विचारलं, मत कोणाला दिलंत. आई उठून विनाकारण ओट्यापाशी गेली. बाबा आज हसले नाहीत. बटाट्यावर मीठ घातलं, परत घातलं.
म्हणाले, "रस्ता फार निसरडा होता. गाडी मात्र तू छान चालवलीस."