सोडतीची पेटी

ता. २ ऑगस्ट

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं बरं, तुझ्या बापाचं डोकं सोडून. काल बाजारात महिन्याची सोडत झाली आणि मला परत जिन्याखालचीच जागा आली. तिथे एवढा अंधार, की परवा एका बाईला काळा म्हणून निळा दोरा दिला, तर तो माझ्या अंगावर फेकून गेली. तुझा बाप म्हणतो, पुढच्या खेपेलाही जिनाच आला तर सुया-दोऱ्यांचं दुकान मोड आणि घरी बस. घरी बसून काय करू, त्याचं तोंड बघू?

मला यात काळंबेरं दिसतंय. पूर्वी आम्ही चिठ्ठ्या काढायचो. आता मुकादमाने भाच्याकडून एक पेटी करून आणली आहे. सोडतीच्या दिवशी भिंतीत पिन घालतो, आपण रांगेने बटण दाबायचं, आकडा उमटेल ती जागा आपली. आणि पेटी आल्यापासून खिडकीची जागा दर महिन्याला घड्याळवाल्याला! तो मेला सगळ्यांच्या आधी, भांग पाडून रांगेत हजर. मी मुद्दाम शेवटी उभी राहते, म्हणजे सगळ्यांचे हात दिसतात. काल त्याने बटण दाबताना मुकादम खोकला. का खोकला? दोघांना बाजारातून हाकलावं असा अर्ज करणार आहे. तू तिकडे असल्याच पेट्यांचं शिकतेस ना? पेटीला आतून कसं फितवतात ते कळव. फोनवर नको, तुझा बाप कान लावून असतो.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही ते तुझं उत्तर बघून.

आजी


ता. ९ ऑगस्ट

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

पेटी फितत नाही गं, तेवढी अक्कल तिला नसते. तिच्यात एक चिप असते. तिच्याशी असेंब्ली नावाच्या भाषेत बोलावं लागतं, म्हणजे तुझ्यासारखं, एका वेळी एकच गोष्ट आणि तीही तोडून. चिपमध्ये रजिस्टर नावाचे इवलेसे कप्पे असतात, एकात एकच आकडा मावतो. कप्प्यातल्या आकड्याला गुणायचं, थोडं मिळवायचं, भागायचं, आणि उरलेली बाकी परत त्याच कप्प्यात ठेवायची. तोच पुढचा आकडा. दुसऱ्या कप्प्यात किती फेऱ्या राहिल्या ते असतं. दर फेरीला तो एकाने उतरतो, आणि शून्य होईपर्यंत चिप उडी मारून पुन्हा पहिल्या ओळीवर जाते. याला लूप म्हणतात. आकडे दिसतात वेडेवाकडे, पण प्रत्येक आकडा आधीच्याच्या पोटातून येतो.

माझी फजिती ऐक. प्रात्यक्षिकाला मी अशीच मालिका केली आणि मैत्रिणींपुढे मिरवले, की बघा कसे मनाला येतील ते आकडे. यंत्र बंद करून चालू केलं तर पुन्हा तेच, त्याच क्रमाने. सुरुवातीचा आकडा मी बदललाच नव्हता. बाई म्हणाल्या, हे नशीब नव्हे, हा पाढा झाला.

भाच्याने तेच केलं असणार. दर महिन्याला पिन घातली, की पाढा पहिल्यापासून सुरू. मग पहिलं बटण दाबणाऱ्याला नेहमी खिडकी, आणि शेवटच्याला उरलेली जागा, तीही ठरलेलीच. मधले लोक दर वेळी मागेपुढे उभे राहतात, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. जिना तुला कुणी दिला नाही, आजी. शेवटी उभी राहून तूच घेतलास. घड्याळवाले काका फक्त लवकर उठतात. अर्ज थांबव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी


ता. १६ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र वाचलं, दोनदा. म्हणजे माझ्या संशयानेच मला जिन्याखाली बसवलं असं तुझं म्हणणं. बरं. पण रोज घड्याळांची पोटं उघडणाऱ्याला पेटीचं पोट कळत नसेल, हे मला पटत नाही. अर्ज फाडलेला नाही, गादीखाली आहे. घरातल्या घड्याळाला पहाटेचा गजर कसा लावतात ते एक तारखेच्या आत कळव. कशाला, ते विचारू नकोस.

आजी


ता. २२ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

गजराची खुंटी घड्याळाच्या मागे आहे. आणि कशाला ते मला कळलंय. तू पहिली उभी राहून खिडकी घेणार. काकांवर जो आळ घेतलास, तेच करणार? त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. भाच्याला म्हणावं, बटण कोणत्या क्षणी दाबलं त्यावरून सुरुवातीचा आकडा घे, म्हणजे दर खेपेला वेगळा निघेल. दुकान राहावं असं मलाही वाटतं गं, पण असं नको.

तरीही तुझ्या लोभातली,
भिंगरी


ता. ४ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

एक तारखेला गजर वाजायच्या आधीच उठले. बाजाराचं दार उघडलं तेव्हा मी पहिली. घड्याळवाला आला, नमस्कार केला आणि म्हणाला, तुम्ही आज पुढे ते बरं झालं, तुमची नजर माझ्या पाठीत टोचते. मग एकेक येत गेले. मी पुढे का, असं एकानेही विचारलं नाही. माझ्यावर कुणाला संशयच येईना! इतके महिने मी सगळ्यांवर पहारा ठेवला आणि माझ्यावर कुणी नाही, याचा असा राग आला म्हणून सांगू.

बटण दाबलं. खिडकी. लोक चांगलं झालं म्हणाले. मला ते काही गिळवेना. मुकादमाला म्हटलं, पिन काढ आणि परत घाल. कुरकुरला, पण घातली. घड्याळवाल्याला दाबायला लावलं. खिडकी. पुन्हा पिन, मग चावीवाल्याने दाबलं. खिडकी. मुकादमाचं तोंड उघडं ते उघडंच. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, एवढं बावळटपण सोंग म्हणून कुणाला जमत नाही. तुझे कप्पे आणि फेऱ्या मी सगळ्यांना समजावल्या. निम्मं चुकलं असेल, पण आवाज मोठा होता.

लगेच मुकादमाच्या टोपीत चिठ्ठ्या घातल्या. मी काय उचललं? जिना. हसू नकोस. खिडकी गेली छत्रीवाल्याला, ज्याला उजेडाचा काडीचा उपयोग नाही. घड्याळवाला गेला कोपऱ्यात नळाशी. भांडावं तरी कुणाशी, चिठ्ठी मीच उचललेली.

तुझ्या बापाला सांगून टाकलं, दुकान मोडत नाही. मला कुणी फसवत असतं तर वैतागून सोडलंही असतं. नुसत्या नशिबाला भिऊन मी घरी बसणार नाही. शिवाय मुकादमाला तिथल्या तिथे सुनावलं, की तुझ्या पेटीपायी इतके महिने अंधारात बसले, आता जिन्याखाली दिवा लाव आणि बिल बाजाराने भर. चारचौघांत नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. काल दिवा लागला.

अभ्यास कर. लोभ आहे, म्हणून डोक्यावर बसू नकोस.

आजी

ता. क. काल संध्याकाळी घड्याळवाला स्टूल घेऊन माझ्या दिव्याखाली येऊन बसला. नळाशी त्याला स्क्रू दिसत नाहीत म्हणे. बसू दिलं. भाडं काय लावायचं ते ठरवतेय.