सोळा कामकरी

प्रिय ड्यूगल,

ब्रिस्बेनचा पत्ता तीनदा ताडून पाहिला, तरी घराचा नंबर चुकलाय असंच वाटतंय. मी सातवी शिकलेला माणूस, लिहिण्यात चुका असतील. इथे टास्मानियात वारा अजून पडलेला नाही. शेवंडीचा हंगाम आहे, पण धक्क्यावर माझ्याशी कोणी बोलत नाही. बोलतात म्हणा, मलाच तसं वाटतं.

तुझ्या खोलीत मी दिवसाढवळ्याही जात नाही. कॉम्प्युटरची तार काढून ठेवलीय, तरी दाराशी गेलं की त्याची घरघर ऐकू येते, आणि मागोमाग व्हर्नचे ओले रबरी बूट. तो बुडाला त्याला तीन महिने झाले. बूट मात्र पायरीपर्यंत येतात आणि थांबतात.

तू प्रोग्रॅम लिहिणं सोडून गोदामात खोकी उचलतोस असं मोइराकडून कळलं. बिचारी नवऱ्याचं, व्हर्नचं, दुःख बाजूला ठेवून तुझीच चौकशी करते. व्हर्नच्या मृत्यूच्या सरकारी चौकशीत तू उभा राहून म्हणालास, "भरतीच्या वेळा माझ्या प्रोग्रॅमने चुकीच्या दाखवल्या, माझंच गणित चुकलं असणार." मी मागच्या बाकावर होतो. खाली बघत होतो.

जानेवारीत भरती-ओहोटीच्या वेळांचं नवं कोष्टक आलं की तुझा प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करून व्हर्नच्या होडीतल्या यंत्राच्या कार्डावर घालायचा, एवढंच माझं काम. तू बजावलं होतंस, "बाबा, कॉम्प्युटर काम वाटून देतो ना, तो आतला कामकरी एकच ठेवा. एकाचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नसतो, आणि कोणी कोणासाठी थांबायचं हे मी अजून लिहिलेलं नाही." एकट्याला तास लागायचा. त्या सकाळी व्हर्न दारात उभा. "काय रे क्लॅरी, पोराचं डबडं अजून रवंथच करतंय? ओहोटी लागेल, म्हाताऱ्या!" मला घाई सोसत नाही. तू तुझ्या ऑफिसात सोळा कामकरी एकदम लावायचास, हे तुझ्याच तोंडून ऐकलेलं. मी एकाच्या जागी सोळा लिहिलं. चार मिनिटांत झालं. कुठे चूक दाखवणारं लाल अक्षर नाही, काही नाही. व्हर्न हसत कार्ड घेऊन गेला आणि परतताना खाडीच्या तोंडाशी, भरती समजून भर ओहोटीत, वाळूच्या दांड्यावर आपटला. कार्डही त्याच्याबरोबरच गेलं.

नंतर मी सोळा लावून पुन्हा करून पाहिलं. दोनदा बरोबर आलं. तिसऱ्यांदा गेल्या वर्षीच्या वेळा आल्या. नवं कोष्टक तयार व्हायच्या आत सोळांपैकी कोणीतरी जुनंच उचललं होतं. त्याच दिवशी मी तार उपटली.

आज सकाळी मोइराला सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. गुरुवारी चौकशी अधिकाऱ्यापुढे जबानी देणार आहे. त्याआधी तुला माझ्याच हाताने कळावं, म्हणून हे पत्र. ती खोकी खाली ठेव, ड्यूगल. तुझं गणित बरोबर होतं.

तुझाच, तोंड उघडायला तीन महिने लावणारा,
बाबा