डाव्या चाकाचा पाचवा स्टड

१८ एप्रिल १९९९, रविवार
चर्चहून आल्यावर ठरवलं. नातीला, एंजलला, लग्नाला आपल्या जीपमधूनच न्यायचं. एवढीशी होती तेव्हा बोनेटवर बसून म्हणाली होती, आबा, मी नवरी झाले की याच गाडीतून जाणार. शब्द म्हणजे शब्द. मुलगा दौंडचा, लग्न तिथल्या चर्चमध्ये. शिरूरहून चांगली रपेट होईल.
तिच्या आईचे वडील, आमचे व्याही नथानिएलराव, यांनी नेमकी आत्ताच पांढरी मारुती घेतली. एसीची. रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसाला एसी कशाला? दौंडला वारा येत नाही का?
मला हेवा वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

२० एप्रिल, संध्याकाळ
चाकं खोलून ग्रीस करायला घेतलं. मेकॅनिक नको. इंजिन बघून बघून शिकलो, चाकाचं काय एवढं! पुढच्या डाव्या चाकाचा पहिलाच नट हलेना. लष्कराच्या लिलावातली गाडी, गंजली असणार. पान्याला पाइप लावला, पाइपवर उभा राहिलो. कड्! सुटला म्हणून आनंद झाला. बघतो तर नटाबरोबर अर्धा स्टडही हातात. चाक ज्या पाच खुंट्यांवर बसतं त्यातला एक.
बायको, राहेल, ओट्यावरून म्हणाली, मोडलात ना? म्हटलं, मोडला नाही, मुदत संपली होती त्याची.
बाकीची चाकं उत्तम आहेत. ग्रीसची गरज नाही.

२१ एप्रिल
शांतपणे विचार केला. पाचातला एक गेला, राहिले चार. व्याह्यांच्या मारुतीला मुळातच चार. त्या गाडीला कोणी मोडकी म्हणतं का? उलट आता बरोबरी झाली.

३ मे, सोमवार
शिक्रापूरला जीपच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. जीपनेच. थोडी डुगडुगते. रस्ताच तसा.
दुकानदार म्हणे, आबा, उलटा पायजे का सुलटा? चेष्टा करतो लेकाचा. म्हटलं, आम्ही सरळ माणसं, सुलटाच दे. तरी विचारतो, चाक कंच्या बाजूचं हाय? म्हटलं, चाक गोल असतं बाबा, त्याला बाजू नसते. मान हलवत त्याने सुलटा काढून दिला.
स्टड खिशात. उद्या बसवतो.

९ मे, रविवार
तो उद्या अजून उजाडला नाही. पाहुणे, पत्रिका, शिवाय कंबर.
नथानिएलराव आले. मारुतीतून, हे सांगायला नको. एंजल आत बसून आली आणि म्हणाली, नाना, काय गारेगार वाटतं हो! आपल्या दारात कडुनिंब आहे, त्याचं कौतुक कधी केलं नाही.
व्याह्यांनी जीपला चक्कर मारली. वाकून म्हणाले, व्याहीबुवा, हितं एक कमी दिसतुया. नवरी बसायची हाय, दोघं मिळून बघू का? बघा कसं पोटात दुखतं एकेकाच्या! म्हटलं, मुद्दाम काढलाय, हलकी पळते.
मग एंजलनेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी आबांच्याच जीपनं जाणार. जेवताना मी दीड भाकरी जास्त खाल्ली.

१४ मे, शुक्रवार
जीप धुतली, मोगऱ्याच्या माळा आणल्या. राहेल म्हणाली, फुलं राहू द्या, आधी ते चाक बघा. तिच्या समाधानासाठी उरलेले चार नट आवळले. देवाची कृपा! पाना असा फिरला, जसा लोण्यातून केस. म्हणजे सैलच होते, बरं झालं बघितलं. प्रत्येकाला एकेक फेरा दिला. फार आवळू नये, मोडतात. अनुभव आहे.

१५ मे, शनिवार, लग्नाहून आल्यावर
सकाळी निघालो. शेजारी एंजल, पांढऱ्या पोशाखात. मागे राहेल. आमच्या पाठीला मारुती.
न्हावरे गावाच्या पुढे व्याह्यांनी हॉर्न धरला. दिवेही दाखवले. नवरी माझ्या गाडीत, तरी पुढे यांनाच जायचं! मी ॲक्सिलरेटर दाबला. स्टिअरिंग थयथय करायला लागलं. एंजल म्हणाली, आबा, थांबा, चाक नाचतंय. म्हटलं, लग्न आहे, नाचणारच. राहेलने मागून टाळक्यात पर्स घातली, तेव्हा थांबलो.
नथानिएलराव कोऱ्या सुटात चाकापाशी बसले. काल मी नट आवळल्याचं राहेलने त्यांना सांगितलं. म्हणाले, अवो, दुसऱ्या गाड्यांचं ऱ्हाऊ द्या, या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत्यात. उजवीकडं फिरवलं की सुटतं, डावीकडं फिरवलं की आवळतं. रेल्वेच्या आधी फौजेत हीच चालवलीया मी. काल तुम्ही आवळलं न्हाई, सोडलंय.
शिक्रापूरचा दुकानदार डोळ्यांपुढे आला.
त्यांनी चारही नट उलटे फिरवून आवळले. मी म्हटलं, एंजल, तू मारुतीत बस. नाही म्हणाली. आबांना शब्द दिलाय, जाईन तर जीपनंच. फक्त चालवतील नाना.
दौंडपर्यंत मी मारुती चालवली. एसी लावून. समोर माझी जीप, उडणाऱ्या माळा, आणि व्याह्यांच्या शेजारी हसणारी माझी नात. माणसाला स्वतःच्याच जीपचा हेवा वाटावा! लिहिलं एकदा, पुन्हा लिहिणार नाही.
चर्चच्या दारात मात्र पोरीने एक हात त्यांच्या दंडात घातला, दुसरा माझ्या. कोणाचा दंड जास्त घट्ट धरला ते कळलं नाही. फोटो आल्यावर बघतो.

१८ मे, मंगळवार
नथानिएलराव दौंडहून उलट्या आट्यांचा स्टड घेऊन आले. हब, म्हणजे स्टड ज्यात बसतात तो चाकामागचा गोल भाग, काढला, मोडका तुकडा ठोकून मागे पाडला, नवा मागून घालून नटाने ओढून बसवला. हातोडा मी मारला. ते नुसते सांगत होते. पाच पुरे झाले.
माणूस सोन्यासारखा आहे. आजपासून हेवा बंद. म्हणजे नव्हताच.

२३ मे, रविवार, दुपार
व्याही जेवायला आले. मारुतीचं मागचं डावं चाक पंक्चर. म्हटलं, तुम्ही बसा, ताक घ्या, उपकार फेडायची संधी द्या. ते म्हणत होते, थांबा, मी येतो, पण मी ऐकतो काय? डावं चाक म्हणजे उजवीकडे फिरवायचं. आता मला कोणी शिकवायची गरज नाही.
नट हलेना. पाइप लावला. पाइपवर उभा राहिलो.
कड्.
मारुतीला आता तीन, जीपला पाच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पुढे गेलो, आणि जीपमध्ये लपून हे लिहितोय.
ओट्यावरून नथानिएलराव विचारतायत, व्याहीबुवा, सुटला का?
म्हटलं, सुटला.