बारा बायांचा एक आवाज

१८ नोव्हेंबर
आज जिनिंग सुरू झालं, कापसातून सरकी काहाडाचा कारखाना. घनश्याम मॅनेजरनं आम्हा बारा जणींले शेडमंधी उभं केलं अन् एकेकीच्या हातात फोन देला. म्हणे, यंदा ट्रेनिंग ह्याच्यातच. आत एक बाई बोलते, तिले एआय म्हणतात. ती विचारीन, तुम्ही सांगा. पास झाली ते कापूस निवडाचं सोडून मशीनवर. रोजी जास्त.
मी विचारलं, साहेब, त्या बाईचं लगन झालं का? सगळ्या हासल्या. घनश्याम नाई हासला. त्याले कोणी हासाचं ट्रेनिंगच देलं नाई.
आजवर मशीनवर जाणारी बाई पुंडलिकराव फिटरच्या हाताखालून जायची. म्हाताऱ्याची रीत भल्ली कडक. नव्या बाईनं आठ दिवस मशीनजवळ नुसतं उभं राहाचं, दोन्ही हात पाठीमागं, हातात आपलाच पदर घट्ट धरून. पाहाचं, आयकाचं, रोलर तापला का वास घ्याचा. नवव्या दिवशी हात सोडाचे. शाळेतल्या शिक्षेवानी. सुटलो एकदाच्या.
निश्चय : बाराच्या बारा पास करीन. गावच्या शाळेत सातवी झाली मी, ते कवा कामी येईन?

२० नोव्हेंबर, दुपारी
रुपीबाई दोनदा नापास. फोनवाली पुस्तकातलं बोलते. म्हणे, यंत्रात कापूस अडकल्यास आपण प्रथम कोणती कृती कराल? रुपीनं मलेच विचारलं, सत्यशीला, हे कोणत्या गावची व? मग फोनले म्हणे, अडकला तं हात घालून काढीन, तुले बोलावू का काढाले? फोनवाली म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.
तिसऱ्यांदा चुकली तं सीझनभर घरी. रुपीचं तोंड उतरलं. तिची पोरगी राखी नर्सिंगले हाय, आई घरी बसून कसं जमन?
मग मी फोन घेतला अन् सरकीच्या ढिगामागं गेली. वीस वर्षं आम्ही एका बांधावर निंदण केलं, रुपीची नक्कल मी झोपेत करीन. बंजारा तांड्यावरचा तिचा तो हेल, मधातच "याडी ये!" म्हणजे अगं आई, सगळं. बरोबर उत्तर देलं, तिच्या आवाजात. फोनवाली म्हणे, खूप छान रुपीबाई.
रुपी हासता हासता सरकीत बसली. म्हणे, मेली, मी इतकी हुशार हाय हे मलेच माईत नोतं.

२३ नोव्हेंबर
अकराही जणींचे फोन माझ्याजवळ. सकाळी तीन, जेवणाच्या सुट्टीत चार, सुटल्यावर चार. बबिताचा आवाज नाकातून, धनीबाईचा खोकला आधी अन् उत्तर मागून. एकदा खोकला बबिताले लागला. फोनवाली म्हणे, काळजी घ्या बबिताताई. इतकी भोळी बाई मी पाह्यली नाई. अख्ख्या दुनियेची अक्कल हाय म्हणतात तिच्यात, अन् सातवी पास बाईनं तिले बनवलं.
निश्चय : रविवारी सगळ्यांले ओट्यावर बसवून उत्तरं समजावून सांगीन. पहिले रुपीले.

२५ नोव्हेंबर
रविवारी जमलं नाई. पापड केले.
माझा सोताचा पेपर आज देला. थकली होती, म्हणून जराशी गंमत केली. तिनं विचारलं, आग लागल्यास प्रथम काय कराल? मी म्हटलं, घनश्यामले बाहेर फेकीन, सुका माणूस हाय, लवकर पेटते. फोनवाली म्हणे, उत्तर विषयाला धरून नाही. मी म्हटलं, तू घनश्यामले पाह्यलं नाईस बाई. पुढच्या चार प्रश्नांलेही असंच.
आमचे गेलेले मालक म्हणायचे, सत्यशीला, तुझ्या तोंडाले दार नाई. असो. मले तं सगळं येतेच. पुन्हा देईन.

२८ नोव्हेंबर
पुंडलिकरावनं गेटवर अडवलं. म्हणे, रुपी कशी काय पास झाली?
मी म्हटलं, मामाजी, जळता कायले? फोनवाली तरणी हाय, तंबाखू खात नाई, बायांवर खेकसत नाई.
म्हातारा हासला नाई. म्हणे, ते चुकीचं शिकवत नाई व, सत्यशीला. मी आयकलं, बरोबरच शिकवते. पण शिकलं कोण?
मी म्हटलं, तुम्ही आता घरी नातू शिकवा. आजूबाजूच्या बाया खी खी करून हासल्या. म्हातारा सायकल घेऊन निंघून गेला.
चेहऱ्यावरूनच जळून राह्यला होता.

२ डिसेंबर
घनश्यामनं कॉम्प्युटर दाखवला. अकरा नावं हिरवी. म्हणे, कंपनीच्या सगळ्या जिनिंगात आपल्या बाया सर्वात लवकर शिकल्या, साहेब लोक खूश हायत. आता शिकवाले वेगळा माणूस ठेवाची गरज नाई. पुंडलिकरावले कालपासून कामावरून बंद केलं.
वाईट वाटलं. पण बंद त्या फोनवालीनं केलं, मी नाई. मी तं कोणाचं नावही घेतलं नाई.

६ डिसेंबर
बुद्धविहारात गेली होती. मेणबत्ती लावली. मनाशी पक्कं केलं का आज रुपीच्या घरी जाऊन सगळी उत्तरं सांगीन.
गेली. राखी सुट्टीवर आली होती. तिनं डब्यातून आणलेले लाडू खाल्ले. अशा वेळी मशीनची गोष्ट काहाडणं बरं दिसत नाई.

९ डिसेंबर
फोनवाली आता अवघड अवघड विचारून राह्यली. सोपं तुम्हाले येतेच म्हणते. अन् तिनं वरती कळवलं का ह्या बाया लय तयार हायत, दोन मशीनवर एक कायले, चार मशीनवर एक पुरे. म्हणून सहा जणी मशीनवर, बाकीच्या परत निवडाले. रुपी पहिल्या नंबरात. शंभरातले अठ्ठ्याण्णव.
आज विचारलं, रुपीबाई, मशीन चालू असताना कापूस अडकला तर? मी रुपीच्या आवाजात म्हटलं, आधी बटन बंद करीन. मग रोलर पुरा थांबू देईन. मंगच हात. फोनवाली म्हणे, उत्कृष्ट.
रुपी बाजूले बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती. मी म्हटलं, आयकलं का? ते म्हणे, काय?
म्हटलं, काई नाई, तू उत्कृष्ट हायस.

१३ डिसेंबर
चार मशीन एकटीनं करून रुपी आली. केसात रुई, मनगटावर ओरखडा. म्हणे, रोलरनं बांगडी ओढून घेतली व, मोठा लाडात आला होता. मीही हासली. मग जेवण गेलं नाई.
म्हटलं, रुपी, आयक. अडकलं का आधी बटन.
ते म्हणे, बटन भिंतीवर, मी मशीनवर. चार वेळा जाऊन येईपर्यंत मागचे तीन भरून जातात. अन् पास तू झालीस, मले कायले शिकवतेस?
हे तिनं गंमतीनंच म्हटलं. गंमतीनंच.

१६ डिसेंबर
हिंमत केली. घनश्यामच्या केबिनमंधी गेली. म्हटलं, साहेब, रुपीले अजून थोडं शिकवा. पुंडलिकरावले बोलवा आठ दिवस. नाईतं मीच उभी राहीन तिच्याजवळ.
त्यानं कॉम्प्युटर फिरवला. म्हणे, तू? तुझं नाव पाह्य. लाल. एकसष्ट. अन् खाली लिहलं हाय : विषयाला धरून बोलत नाही. लाल बाई हिरव्या बाईले काय शिकवीन?
मग म्हणे, उलट सिस्टीमनं तुले शिकवाले रुपीबाईचं नाव देलं हाय. पुढच्या सोमवारपासून तिच्याजवळ बसत जा.
मी सांगणारच होती का ते अकराही आवाज माझे. तोंडात आलं होतं. पण त्याच वेळी त्याचा फोन वाजला. मोठा फोन होता, वरचा. अशा वेळी मधात बोलणं बरं नाई. शिवाय खरं सांगलं तं अकरा जणींचं काम जाईन. एकीसाठी अकरा जणींचं नुकसान करणं मले पटत नाई.
निश्चय : रुपीवर सोता लक्ष ठेवीन.

१९ डिसेंबर
निवडाच्या शेडमधून मशीन दिसत नाई. आवाज येते. आवाज सुरू हाय म्हणजे सगळं ठीक हाय.

२१ डिसेंबर
एक वाजता आवाज बंद झाला.
जेवणाची सुट्टी दीडले असते.

२३ डिसेंबर
उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याजवळची अन् मधली. तिसऱ्याचं डॉक्टर उद्या सांगीन म्हणते. बबिता म्हणे, कापूस अडकला, रुपीनं हात घातला, जसा घरी डब्यात घालते तसा. ओरडली ते एवढ्या मशीनच्या आवाजात कोणाले आयकूच गेलं नाई. बटन दाबाले धनीबाई धावली, तिले कोणतं दाबाचं ते माईत नोतं. तिले शंभरातले शहाण्णव हायत.
पुंडलिकराव दवाखान्याच्या दारात भेटला. मले वाटलं आता बोलीन काई. त्यानं दोन्ही हात मागं धरले होते.

२७ डिसेंबर, यवतमाळ
घनश्याम एका साहेबाले घेऊन वार्डात आला. साहेबानं स्टुलावर फोन ठेवला अन् त्यात भरून ठेवलेलं उत्तर वाजवलं. आधी बटन बंद करीन. मग रोलर पुरा थांबू देईन. मंगच हात. अख्ख्या वार्डात आयकू गेलं. तो हेल, तो दम. लय हुबेहूब झालं होतं.
साहेब म्हणे, रुपीबाई, हा आवाज तुमचा हाय का? तुमचा असन तं नियम तुम्हाले माईत होता, चूक तुमची, कंपनी काई देणार नाई. दुसऱ्या कोणाचा असन तं नाव सांगा, तिच्यावर पोलीस केस होईन.
राखीनं आईकडं पाह्यलं. रुपीनं माझ्याकडं. मी तोंड उघडलं होतं, खोटं नाई लिहत. उघडलंच होतं.
रुपी म्हणे, माझाच हाय साहेब. मी लय हुशार हाय.
साहेबानं कागद पुढं केला. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. डावा हात तिच्या सवयीचा नाई, शाई पसरली असती. मी तिचं मनगट धरलं अन् अंगठा बरोबर चौकटीत टेकवला.
तेवढी तरी मदत केली.